बांध आणि बार

खेड्यातील शाळेच्या मुख्याध्यापकाला पगाराची कामे थोडी आणि बिनपगाराची फार, हे आमच्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको. त्यांतले सर्वांत मोठे काम म्हणजे अर्ज लिहून देणे. रेशनकार्डातले नाव दुरुस्त करावयाचे असो, वारसाची नोंद असो की विजेच्या खांबाची तक्रार असो, माणूस कोरा कागद घेऊन शाळेच्या ओट्यावर येतो. अर्ज जातो कानडीत. पण मजकूर काय असावा हे आधी मराठीत ठरते, आणि ते ठरविण्याचा मान आमच्याकडे असतो. तीस वर्षांत असे किती अर्ज आमच्या हातून गेले याची गणती नाही. त्यांपैकी एक मात्र पुरा झाला नाही. तो आमच्याच घरचा होता.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा पुतण्या बेळगावाहून आला. खानापूर तालुक्यात रानाच्या कडेला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खाली भाताची खाचरे, वर माळावर काजू. त्या माळावर त्याने दोन खोल्या बांधल्या आहेत आणि शनिवार-रविवारी शहरातली मंडळी तेथे हवापालटासाठी येतात. ती जेवतात, झोपतात, ओहोळावर जाऊन येतात आणि मग त्यांना कंटाळा येतो. या कंटाळ्यावर पुतण्याने उपाय काढला होता. माळाच्या टोकाला दगडी भिंत घालावी, तिच्यापुढे डबे-बाटल्या मांडाव्यात आणि पाहुण्यांना नेमबाजीची हौस फेडू द्यावी. बंदूक घरची होतीच. आमचे वडील २०२१ साली गेले, त्यानंतर त्यांची ठासणीची बंदूक आम्ही पोलीस ठाण्यात जमा केली होती. ती वारस म्हणून आपल्या नावावर करून घ्यावी, ग्रामपंचायतीचा ठराव मिळवावा, लगतच्या शेतकऱ्याचे संमतिपत्र जोडावे, की झाले काम, असा त्याचा हिशेब.

“काका, जागा आपली, बंदूक आपली. यात दुसऱ्याचा संबंध येतोच कुठे?” तो म्हणाला.

मुलगा वाईट नाही. कष्टाळू आहे, शेती सोडून पळाला नाही, याचे आम्हांला कौतुकच आहे. त्याच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देता आले असते. पण ते उत्तर काकाचे झाले असते, आणि अर्जाला कायद्याचे उत्तर लागते. आम्ही त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले आणि वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून पुस्तके आणविली.

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने कायद्याची पुस्तके वाचावी हा एक विनोदच आहे. पण काही गोष्टी आम्हांलाही कळल्या. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आमच्या वडिलांसारख्या माणसाची आठवण ठेवलेली आहे, हे वाचून आम्हांला नवल वाटले. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाचा त्यात वेगळा उल्लेख आहे. म्हणजे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्या कोणाला तरी भाताच्या खाचरात रात्र काढणारा शेतकरी ठाऊक होता. मात्र त्या परवान्यावर हेतू लिहिलेला असतो. पिकाचे रक्षण म्हणजे पिकाचे रक्षण. त्यात पाहुण्यांची करमणूक बसत नाही. परवानेधारकाची बंदूक दुसऱ्याने उचलून न्यावयाची ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा स्वतः धारकाच्या वापरासाठी, आणि तीही त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने. पैसे मोजलेल्या पाहुण्याच्या हाती ती देण्याची सोय त्यात नाही. नेमबाजीचे मैदान चालवावयाचे तर २०१६ च्या शस्त्र नियमांखाली त्याचा परवाना निराळा. जमीन शेतीची, म्हणून ती बिगरशेती करून घेण्याची यातायात आणखी निराळी.

वारसाच्या नावे बंदूक होणे अशक्य नाही. मूळ धारक वारल्यावर, किंवा तो सत्तरीचा झाल्यावर, किंवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगल्यावर वारसाला अर्ज करता येतो. पण तो जिल्हाधिकाऱ्याकडे. बिचाऱ्या ग्रामपंचायतीला यात काही अधिकार नाही. आमचे सरपंच ठराव मोठ्या आनंदाने करून देतील; त्यांनी मागे पाऊस पडावा असाही ठराव केला होता.

आणि याहूनही मोठी अडचण बंदुकीची नव्हे, तर रानाची आहे. २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झाले आणि आमची जमीन त्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरांच्या आत आली. या दहा किलोमीटरांत ज्याच्या घरी शस्त्र असेल त्याने वनखात्याकडे नोंद करावी लागते, आणि नवा परवाना द्यावयाचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव प्रतिपालकाची संमती आधी घ्यावी लागते. आमच्या वडिलांनी म्हातारपणी एका सकाळी चार मैल चालत जाऊन ती नोंद केल्याचे आम्हांला स्मरते. सरकारला आपल्या भिंतीवरच्या खुंटीची काळजी वाटते, याचे त्यांना हसू आले होते.

हे सर्व आम्ही पुतण्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मग कोडगूत कसे चालते? तेही आपल्याच राज्यात आहे.”

हा मुद्दा बिनतोड नसला तरी खोटा नव्हता. पूर्वी एका प्रशिक्षणवर्गाच्या निमित्ताने आम्ही म्हैसुरास राहिलो असता तेथून मडिकेरीकडे जाण्याचा योग आला होता आणि एका कोडव शिक्षकबंधूंच्या घरी आम्ही पाहुणे होतो. त्या समाजाचे बंदुकीशी नाते पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. घरात मुलगा जन्मला की आकाशात एक बार, माणूस गेला की दोन बार. नव्या भाताची पहिली पेंडी कापतानाही बंदूक बोलते. सप्टेंबरात शस्त्रांची पूजा होते, तिला कैलपोळ्द म्हणतात. पूजा झाली की उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरण्याच्या पैजा लागतात आणि त्यांत बायाही मागे नसतात. इंग्रजी अमलात १८६१ साली या लोकांना निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून सूट मिळाली, ती स्वतंत्र भारतातही चालू राहिली. २०१९ साली ती दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

पण सूट आहे ती परवाना काढण्यातून. रानातले जनावर मारण्याची सूट कोडव्यालाही नाही. आणि तेथील आमच्या यजमानांनी नारळावर बार टाकण्यापूर्वी काय केले होते, हेही आम्ही पुतण्याला सांगितले. त्यांनी आवारात आणि मागच्या कॉफीच्या मळ्यात फिरून घरातली झाडून सारी माणसे मोजली. मुले, गडीमाणसे, आम्ही पाहुणे. दोनदा मोजली. त्यानंतर दारू भरली. आमच्या वडिलांना ही रीत कोणी शिकविली नव्हती.

येथे शब्दाविषयी थोडे बोलल्यावाचून आमच्यातला मास्तर गप्प बसणार नाही. (बार हा शब्द आम्ही जुन्या अर्थाने वापरीत आहोत, गोव्याच्या इतक्या जवळ राहून तेवढा खुलासा केलेला बरा.) आमच्या बाजूला शिकारीला ‘पारध’ म्हणतात. शिकार हा शब्द फारसीतून आला; पारध आपला जुना. व्युत्पत्तीचे जाणकार त्याचे मूळ संस्कृत ‘पापर्द्धि’ या शब्दात सांगतात, म्हणजे पापाची वाढ. मनूने राजाच्या कामज व्यसनांची यादी केली तीत मृगया पहिली घातली; उलट कौटिल्याने व्यायाम घडतो, मेद झडतो, चालते लक्ष्य वेधण्याचा सराव होतो, असे तिचे गुण सांगितले. म्हणजे या प्रश्नावर आमच्या पूर्वजांतही एकमत नव्हते.

आमच्या लहानपणी गावात पारध होई ती शिमग्याच्या सुमारास. हाका घालणारे रानात उतरत, डबे बडवीत, बंदुकवाले वाटा धरून बसत. ज्याचा बार लागे त्याला एक वाटा अधिक, आणि कुत्र्याच्या धन्यालाही वाटा. तो कायद्याने गुन्हा आहे असे कोणाच्या मनातही येत नसे, आणि गंमत अशी की त्या काळी शिकार पुरती बंदही नव्हती. हा भाग मुंबई राज्यात असताना १९५१ चा मुंबईचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा होता. १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही शुल्क भरून शिकारीचा परवाना काढण्याची तरतूद होती. हौशी शिकारीचे ते दार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले. आमच्या गावात असा परवाना कोणी कधी काढल्याचे मात्र ऐकिवात नाही. सारे काही पीकरक्षणाच्या बंदुकीवर चाले. डुक्कर शेतात पडले की रक्षण, रानात पडले की पारध, आणि पडल्यावर त्याला ओढून शेतात आणणे फारसे अवघड नसे. तेव्हा हेतूचा रकाना कसा भरला जातो हे पुतण्याला आमच्याकडून शिकावयाचे नव्हते. ते त्याच्या रक्तातच होते.

आज डुकराला मारावयाचे तर त्याने पिकाचे किंवा जिवाचे नुकसान मांडले आहे अशी कारणे नमूद केलेला अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. आणि त्या हुकमाने मारलेले डुक्करही सरकारी मालमत्ता असते. वाट्याचा प्रश्नच राहत नाही. शेजारच्या केरळात २०२२ पासून डुकरांच्या बाबतीत असा हुकूम देण्याचा अधिकार पंचायतींच्या प्रमुखांना मिळाला. शेतकऱ्याची रात्र पंचायतीला अधिक जवळून दिसते, हे त्यामागचे कारण आम्हांला पटते. डुकरांनी एका रात्रीत लोळवलेले खाचर ज्याने पाहिले नाही त्याने या विषयावर शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नये. चार महिन्यांचे कष्ट सकाळी चिखलात सपाट झालेले असतात आणि त्यातून दाणा शोधावयाचा म्हटले तरी हाती येत नाही.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते आजवर कागदावर उतरविलेले नाही.

१९८१ सालचा कार्तिक. आम्ही बारा वर्षांचे होतो. भात पोटरीतून निघून पिवळे पडले होते आणि डुकरांचा कळप तीन रात्री येत होता. वडील खाचराच्या कडेच्या माळ्यावर राखणीला बसत. त्या रात्री हट्ट करून आम्हीही गेलो होतो. अमावास्येच्या जवळची रात्र. वडिलांनी संध्याकाळीच बंदूक भरून ठेवली होती: दारू, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासून छर्रे, पुन्हा बोळा. आम्ही घोंगडीत पडून होतो. मध्यरात्र उलटली असेल. खालच्या अंगाला उभ्या भातात सळसळ झाली. थांबली. पुन्हा झाली, जड पावलांची, सरळ आमच्या दिशेने. वडिलांनी आमच्या तोंडावर हात ठेवला, आवाजाचा अंदाज घेतला आणि बार काढला.

डुक्कर ओरडले नाही. माणूस ओरडला.

लगतच्या शेतकऱ्याचा सोळा वर्षांचा मुलगा होता. पलीकडच्या राखणीच्या खोपीत असलेल्या बापासाठी तो विडीकाडी आणि पांघरूण घेऊन निघाला होता, आणि बांधाने वळसा घालण्याऐवजी आमच्या खाचरातून आडवा आला होता. कंदील वाऱ्याने विझला होता. छर्रे मांडीत आणि गुडघ्यात शिरले. वडिलांनी त्याला खांद्यावर टाकून डांबरी रस्त्यापर्यंत कसे नेले, ते आम्ही मागून पळत पाहिले आहे. त्यांच्या तोंडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते: “हाक मारायला हवी होती, मी हाक मारायला हवी होती.”

मुलगा वाचला, गुडघा मात्र वाकेना झाला. चौकशी झाली, बंदूक जप्त झाली, खटला चालला. मुलाच्या बापाने सांगितले की अंधारात झाले, मुद्दाम केलेले नाही, आमचे वैर नाही. त्या माणसाची जमीन आमच्या जमिनीच्या चौथाईनेही नव्हती, आणि अडीअडचणीला तो आमच्याच घरून धान्य नेई. त्याची ती साक्ष मनाच्या मोठेपणाची होती की नाइलाजाची, हा प्रश्न आम्हांला त्या वयात पडला नाही. पुढे पडला, पण तेव्हा विचारण्यासाठी तो राहिला नव्हता. वडील सुटले. काही वर्षांनी बंदूकही परत मिळाली.

त्यानंतर वडिलांनी तीत छर्रा भरला नाही. नुसती दारू आणि काथ्या. आवाज मोठा, इजा कोणाला नाही. डुकरे पहिली दोन-तीन वर्षे त्या आवाजाने पळाली. मग त्यांना कळले. पुढील चाळीस वर्षे वडिलांनी त्यांना भात खाऊ दिले, असेच म्हणावे लागेल. आई त्यावरून शेवटपर्यंत बोलत राहिली. परवान्याचे नूतनीकरण मात्र ते न चुकता करीत. जिचा उपयोग नाही ती ठेवता कशाला, असे आम्ही एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तर तो भरेल.”

आणि दर साल मळणी झाली की भाताचे एक पोते त्या घरी जाई. कोणी बोलून ठरविलेले नव्हते. वडिलांच्या मागे आम्ही ते चालू ठेवले आहे.

नोकरीत लागल्यावर श्रावणबाळाची गोष्ट आम्ही कितीदा वर्गात सांगितली! आईबापांच्या सेवेची गोष्ट म्हणून सांगितली आणि मुलांनीही ती तशीच लिहून गुण मिळविले. घडा भरण्याचा आवाज ऐकून बाण सोडणाऱ्या राजाकडे लक्ष देण्यास आम्हांला सवडच झाली नाही, की धीर झाला नाही? पुढे रघुवंशाचा नववा सर्ग वाचताना एका जागी आम्ही अडखळलो. दशरथाला तो आवाज हत्तीचा वाटला. पण युद्धावाचून हत्ती मारणे राजाला निषिद्धच होते, असे कालिदास तेथे बजावून सांगतो. नियम होता आणि राजाला तो ठाऊक होता. १९७२ च्या मूळ कायद्यात परवानेधारक शिकाऱ्यांवर जी बंधने होती, त्यांत पाणपक्ष्यांसारखे अपवाद वगळता पाणवठ्यावर शिकार न करण्याचेही एक होते. ते वाचताना आम्हांला पुन्हा तो घडा आठवला.

पुतण्याला हा प्रसंग ठाऊक होता; पण घरात ज्या रीतीने अशा गोष्टी ठाऊक असतात त्याच रीतीने, म्हणजे कोणी न सांगता, अर्धामुर्धा. आम्ही तो सबंध सांगितला. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, ते रात्री झाले. आपण दिवसा करणार, भिंत घालणार. आणि त्यांची संमती घेतल्याशिवाय मी पुढे जाणारच नाही.”

तेव्हा आम्हीच म्हणालो, चल, संमतीपासूनच सुरुवात करू. संमतिपत्राचा मजकूर आम्ही स्वतः लिहिला. खाली सहीची जागा सोडली.

ते आता साठीचे आहेत. गावात पिठाची गिरणी चालवितात. न वाकणारा पाय बाजूला लांब करून उंच स्टुलावर बसतात. आम्हांला पाहून त्यांनी गिरणी थांबविली आणि हात पुसले. वास्तविक ते आम्हांहून चार वर्षांनी मोठे, पण आम्हांला ‘गुरुजी’ म्हणतात आणि उभे राहण्याची धडपड करतात. ती थांबविता थांबविता आमची दर वेळी तारांबळ होते. पुतण्याने त्यांना सगळे नीट सांगितले: माळ, भिंत, डबे, पाहुणे. काही लपविले नाही. त्यांनी मान हलवीत ऐकले.

“सही कुठं करायची, सांगा,” ते म्हणाले.

कागद त्यांनी वाचला नाही. आमच्या हातचा आहे एवढे त्यांना पुरे होते. पुतण्याने पेन पुढे केले. ते घेऊन, कागद पिठाच्या डब्यावर ठेवून, ते क्षणभर थांबले.

“एक सांगू का, गुरुजी? नातू सांजचा त्याच वाटेनं शेतावर भाकरी घेऊन जातोय. तुमच्या पोरास्नी बाराच्या आधी तेवढी हाक मारायला सांगा.”

आणि त्यांनी सही करावयास कागदावर हात टेकला. आम्ही तो कागद त्यांच्या हाताखालून काढून घेतला. तो ओढताना पेनाची एक रेघ त्यावर उमटली, सहीच्या पहिल्या अक्षराएवढी.

पुतण्या परत येईपर्यंत काही बोलला नाही. घराच्या पायरीवर मात्र त्याने विचारले, आजोबांच्या बंदुकीची पोलीस ठाण्यातली पावती कोठे आहे. आम्ही ती दाखविली. ती त्या कागदासह आमच्या टेबलाच्या खणात आहे.